मोटारीच्या पडद्यावर हातगाडी कुठे आहे?

गेल्या श्रावणातील गोष्ट. वांद्रे-कुर्ला संकुलातून वरळीला येताना एका परिचितांच्या नव्या, विजेवर चालणाऱ्या मोटारीत बसण्याचा योग आला. गाडी चालवीत होता त्यांचा पगारी चालक. मालक आमच्याशेजारी मागच्या आसनावर बसून नव्या खरेदीचे कौतुक करीत होते, आणि ते कौतुक अगदीच अनाठायी होते असे नाही. सागरी सेतूवर गाडी चढली आणि चालकासमोरील पडद्यावर एक लहानसे, सुबक जग उमटले. मध्यभागी आमची गाडी, दोन्ही अंगांना पांढऱ्या रेघांच्या मार्गिका, पुढे-मागे करड्या रंगाच्या इतर मोटारी. उजवीकडून एक बस पुढे गेली, तर पडद्यावरही एक बस पुढे गेली. जे बाहेर घडत होते तेच आत दिसत होते, आणि आतले बाहेरच्यापेक्षा अधिक नीटनेटके दिसत होते. मालक म्हणाले, "पाहा, हिला चहूकडे डोळे आहेत."

सेतू उतरून अॅनी बेझंट रस्त्याने आम्ही वरळी नाक्याकडे वळलो आणि हे चित्र हळूहळू विस्कटू लागले. मार्गिकांच्या रेघा आधी पुसट झाल्या, मग एका बाजूची रेघ नाहीशी झाली. दुचाक्या उगवत होत्या आणि मावळत होत्या. नाक्याच्या अलीकडे आमच्या पुढे एक हातगाडी चालली होती. गणपती जवळ आलेले. कुठल्या तरी मंडपाचे बांबू तिच्यावर लादलेले. एक माणूस पुढे दांडी धरून ओढीत होता, दुसरा मागून रेटीत होता आणि बांबूंची टोके त्याच्याही मागे हात-दीड हात बाहेर आलेली होती. पडद्यावर काय दिसत होते? रस्त्याच्या मधोमध एकामागे एक चालणारी दोन माणसे. त्यांच्यामध्ये काहीही नव्हते. हातगाडी नव्हती, बांबू नव्हते. एखादी लहान मोटार सहज मावावी एवढी मोकळी जागा होती. क्षणभर त्या जागी ट्रकची आकृती चमकली, आणि लगेच विरून गेली. आम्ही ते चालकाच्या नजरेस आणून दिले. तो म्हणाला, "साहेब, ते कधी दाखवतं, कधी नाही. मी बाहेरच बघतो." हे उत्तर ऐकून मालक किंचित हिरमुसले. आम्हांला मात्र बरे वाटले.

प्रसंग क्षुल्लक आहे; अपघात झाला नाही, कोणाला खरचटले नाही. परंतु त्या दोन माणसांमधील मोकळ्या जागेचा विचार करीत राहावे असे वाटले, कारण या पडद्यांची संख्या आता वाढतच जाणार आहे. चार-पाच वर्षांपूर्वी हे परदेशी श्रीमंतांचे खेळणे होते. महिंद्र कंपनीने २०२१ साली आपल्या 'एक्सयूव्ही ७००' या गाडीत चालक-साहाय्याची यंत्रणा दिली, आणि तेव्हापासून ती मध्यम किमतीच्या गाड्यांत उतरू लागली. २०२४ च्या नोव्हेंबरात याच कंपनीने 'बीई ६' आणि 'एक्सईव्ही ९ई' या विजेवरील दोन मोटारी चेन्नईत जाहीर केल्या. त्यांत ही यंत्रणा तर आहेच, पण 'एक्सईव्ही ९ई' मध्ये गाडीच्या रुंदीभर तीन पडदे ओळीने बसविले आहेत. टाटांची 'हॅरिअर' २०२५ च्या जूनमध्ये विजेवर आली, तीही या साहाय्यासह. आणि १५ जुलै २०२५ रोजी टेस्लाने भारतातील आपले पहिले दालन मुंबईतच, वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले. जाहीर झालेली किंमत साठ लाखांच्या घरातली, तेव्हा ती गाडी आमच्या वाचकांपैकी कोणी घेईल असे नाही. पण रस्ता ओलांडताना तिच्यासमोर उभे राहण्याचा प्रसंग मात्र आपल्यापैकी कोणावरही येऊ शकतो.

हा पडदा चालतो कसा, हे थोडे समजून घेतले पाहिजे. गाडीच्या अंगावर कॅमेरे असतात, बहुतेक कंपन्यांच्या गाड्यांत रडारही असते. महिंद्रने या दोन मोटारींत पाच रडार व एक कॅमेरा बसविला आहे. टेस्लाने २०२१ पासून रडार सोडून देऊन केवळ कॅमेऱ्यांवर भिस्त ठेवली. रडार अंतर आणि वेग सांगते, पण समोर काय आहे हे त्याला नीट सांगता येत नाही. शिवाय लोखंडी पत्र्यावरून त्याच्या लहरी जशा परततात तशा लाकडावरून वा बांबूवरून परतत नाहीत. कॅमेऱ्याला अंतर तितके अचूक कळत नाही, पण तो वस्तूचे नाव सांगू शकतो. हे नाव सांगणे त्याला शिकवावे लागते. रस्त्यांची हजारो-लाखो छायाचित्रे घेऊन त्यांतील प्रत्येक वस्तूभोवती माणसांकडून चौकट आखून घेतात आणि प्रत्येक चौकटीला नाव देतात: मोटार, ट्रक, बस, दुचाकी, सायकल, पादचारी. (ही चौकटी आखण्याची मजुरी पुष्कळदा भारतातील तरुण-तरुणीच करतात, ही एक गंमत.) अशी पुरेशी उदाहरणे पाहिली की संगणक नव्या दृश्यातही तीच नावे शोधू लागतो. ज्या वस्तूचे नाव त्याला दिलेले नाही, ती एक तर जवळच्या नावात बसविली जाते, किंवा तिला नावच मिळत नाही. मग पडद्यावर चित्र काढणारा भाग त्या नावांची यादी घेतो आणि प्रत्येक नावासाठी आधीच तयार ठेवलेली एक आकृती त्या त्या जागी मांडतो. म्हणजे पडद्यावर दिसते ते रस्त्याचे छायाचित्र नव्हे. तो भरलेला फॉर्म आहे.

कारकुनी केलेल्या वाचकाला यापुढे अधिक सांगण्याची गरज नाही. फॉर्ममध्ये जेवढे रकाने छापलेले असतात तेवढेच जग कार्यालयाच्या दप्तरात शिरते. ज्याला रकाना नाही तो अर्जदार एक तर 'इतर' मध्ये जातो किंवा त्याचा अर्ज परत जातो. पण खिडकीसमोर तो उभा असतोच.

वाहन ओळखणाऱ्या संगणकांना जी चित्रे शिकवली गेली, ती मूळची कोणत्या रस्त्यांवरची? या क्षेत्रात फार वापरला गेलेला एक चित्रसंग्रह 'सिटीस्केप्स' या नावाने २०१६ साली प्रसिद्ध झाला. तो पन्नास शहरांतला आहे आणि ती शहरे मुख्यतः जर्मनीतली आहेत. तेथील रस्ता म्हणजे आखलेला रस्ता: फरसबंदी वेगळी, सायकलचा पट्टा वेगळा, वाहने आपापल्या जागी. हैदराबादच्या आयआयआयटी या संस्थेतील संशोधकांना या उणिवेची जाणीव झाली आणि त्यांनी २०१८ मध्ये हैदराबाद व बंगळूर परिसरातील रस्त्यांची सुमारे दहा हजार चित्रे खुणा करून प्रसिद्ध केली. त्यांच्या यादीत चौतीस नावे आहेत. रिक्षा आहे, जनावरे आहेत. आणि आणखी एक वर्ग आहे, ज्याचा मराठीत अर्थ 'कोणत्याच नावात न बसणारे वाहन' असा होईल. हा वर्ग ठेवणे हा त्या संशोधकांचा प्रामाणिकपणा होता. आपल्या रस्त्यावर काय काय चालते याची पूर्ण यादी करता येणार नाही, हे त्यांनी यादी करतानाच मान्य केले. मोटारीच्या पडद्यावर मात्र 'ठाऊक नाही' अशी आकृती आम्हांला दिसली नाही.

नाव चुकले म्हणून बिघडले काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्यात तथ्य आहे, आणि त्याचे उत्तर दोन्ही बाजूंनी दिले पाहिजे.

एक बाजू अशी की, पडद्यावरचे चित्र आणि ब्रेक लावण्याचा निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पडद्यावर काही दिसले नाही तरी रडारला अडथळा जाणवून गाडी थांबू शकते. उलट पडद्यावर माणूस दिसत असताना यंत्रणा ब्रेक लावीलच असेही नाही. २०२२ साली टेस्लाच्या पडद्याचे एक चलच्चित्र जगभर फिरले. समोर घोडागाडी चाललेली, आणि पडदा तिला घटकेत ट्रक ठरवीत होता, घटकेत माणूस. लोकांनी पोट धरून हसून घेतले. पण गाडी त्या घोडागाडीवर जाऊन आदळली नव्हती. त्याच वर्षी टेस्लाच्या अभियंत्यांनी आपली नवी रीत जाहीर केली. तिच्यात वस्तूला नाव देण्याच्या आधी 'अवकाशाचा हा तुकडा रिकामा आहे की व्यापलेला आहे' एवढेच ठरविले जाते. वस्तू हातगाडी आहे की हत्ती, हा प्रश्न नंतरचा. तेथे काहीतरी आहे, हा पहिला. आम्हांला ही रीत शहाणपणाची वाटते.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात टेम्पी या गावी एक स्त्री हातात सायकल धरून, चालत रस्ता ओलांडीत होती. जेथे ओलांडण्याची खूण नव्हती तेथे ओलांडीत होती. आपल्याकडे जे दिवसातून दहादा घडते, तेच. उबर कंपनीची एक स्वयंचलित मोटार चाचणीसाठी त्या रस्त्याने येत होती. त्या यंत्रणेला ती स्त्री धडकेच्या ५.६ सेकंद आधी जाणवली होती. साडेपाच सेकंद हा काही थोडा अवधी नव्हे. परंतु ही वस्तू कोणती, हे यंत्रणेला ठरविता येईना. आधी तिने तिला वाहन म्हटले, मग 'इतर', मग सायकल. पुन्हा इतर, पुन्हा सायकल. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१९ मध्ये या अपघाताची चिकित्सा प्रसिद्ध केली तेव्हा दोन गोष्टी उघड झाल्या. वस्तूचे नाव बदलले की यंत्रणा तिचा मागचा सर्व प्रवास विसरत असे, आणि जणू ती आत्ताच प्रकट झाली आहे असे धरून पुन्हा हिशेब मांडीत असे. त्यामुळे ती वस्तू सतत रस्ता ओलांडीत आहे, ही साधी गोष्ट तिच्या ध्यानातच आली नाही. आणि दुसरे असे की, खुणेवाचून रस्ता ओलांडणारा पादचारी असू शकतो हे गृहीतच त्या रचनेत धरलेले नव्हते. ती स्त्री मरण पावली.

पुढे काय झाले तेही नोंदविण्यासारखे आहे. गाडीत देखरेखीसाठी एक चालक बसलेली होती. तिचे लक्ष रस्त्यावर नव्हते, ती आपल्या फोनकडे पाहत होती, असे निष्पन्न झाले. कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही असा निर्वाळा सरकारी वकिलांनी २०१९ मध्ये दिला. चालकाने २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. तिची चूक होती, यात शंका नाही. परंतु नावांची यादी करणारे, पादचाऱ्याची सवय न ओळखणारे, वस्तूचा इतिहास पुसून टाकणारे जे कोणी होते, त्यांच्यापैकी कोणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले नाही.

आता वरळीकडे परत येऊ. वरळीच्या एका अंगाला शहराने असे रस्ते बांधले आहेत की ज्यांवर पडद्यातले जग खरे ठरावे. २००९ साली खुला झालेला सागरी सेतू आणि २०२४ च्या मार्चपासून टप्प्याटप्प्याने खुला झालेला किनारी मार्ग, या दोहोंवर दुचाकीला मज्जाव आहे, रिक्षाला मज्जाव आहे, हातगाडीला आणि पायी चालणाऱ्याला तर आहेच. जे संगणकाला ओळखायला कठीण जाते, नेमके ते सर्व तेथून आधीच वगळलेले आहे. दुसऱ्या अंगाला वरळी नाका, कोळीवाडा, बीडीडी चाळी, गणपतराव कदम मार्गाने लोअर परळकडे जाणारी गर्दी. तेथे भुयारी मेट्रोच्या कामासाठी रस्ते कित्येक वर्षे अडवलेले होते. मे २०२५ मध्ये गाडी आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आणि ऑक्टोबरात पुढे कफ परेडपर्यंत गेली, तेव्हा कुठे ते मोकळे होऊ लागले. इतक्यात वरळी-शिवडी जोडरस्त्यासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा पूल पाडायला घेतला गेला आणि वाहतुकीने पुन्हा नव्या वाटा शोधल्या. अशा रस्त्यावर मार्गिकेची रेघ कालची असते आणि वाहतूक आजची.

येथे वाहने चालतात ती रेघांवरून नव्हे, एकमेकांकडे पाहून. टॅक्सीवाला खिडकीतून हात बाहेर काढतो तेव्हा तो वळणार आहे, थांबणार आहे की मागच्याला 'पुढे जा' म्हणतो आहे, हे बोटांच्या हालचालीवरून कळते. हातगाडीवाल्याला गाडी एकदम थांबवता येत नाही, कारण मागचा भार त्याला पुढे लोटतो. म्हणून तो ओरडून वाट मागतो, आणि नाक्यावरचा प्रत्येक चालक ते जाणतो. डबेवाला, बर्फ नेणारा, शाळेतून मुलाला आणणारी आई, हे सारे रस्ता ओलांडताना गाडीकडे पाहत नाहीत. चालकाच्या डोळ्यांकडे पाहतात. डोळे भेटले की पाऊल टाकायचे. ही शिस्त नव्हे, हे कबूल. पण ही एक भाषा आहे आणि तिच्यावर रोज लाखो लोकांचे प्राण अवलंबून आहेत. चालकाची नजर रस्त्यावरून पडद्यावर गेली की या भाषेतला एक बोलणारा गप्प होतो, आणि समोरच्याला ते कळतही नाही.

जुन्या मुंबईकरांना आठवत असेल की विजेवर चालणारे वाहन या शहराला नवे नाही. १९०७ मध्ये येथे विजेची ट्राम धावू लागली आणि १९६४ च्या ३१ मार्चला ती बंद झाली. ट्रामचा चालक पायाने घंटा वाजवीत असे. तिला रुळांवरून हटता येत नसे, तेव्हा बाजूला होण्याचे काम लोकांचे. नव्या मोटारीला रूळ नाहीत, घंटा नाही, आणि इंजिनाचा आवाजही नाही. हे विषयांतर झाले, पण अगदीच गैरलागू नाही.

कोणाचे प्राण या व्यवहारात पणाला लागले आहेत, हे आकड्यांवरून दिसते. २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, असे केंद्रीय परिवहन खात्याचा अहवाल सांगतो. त्यांतील ७४,८९७ दुचाकीवरची आणि ३२,८२५ पायी चालणारी. दोन्ही मिळून शंभरात चौसष्ट. हातगाडीवाले, सायकलस्वार वगैरे वेगळे. म्हणजे ज्या आकृत्या पडद्यावर सर्वांत ठळक आणि सर्वांत स्थिर दिसतात, त्या मोटारींच्या; आणि ज्या लुकलुकतात, त्या मरणाऱ्यांच्या. वरळीला हे अहवालातून कळण्याची गरज नाही. २०२४ च्या जुलैत पहाटे मासळी घेऊन स्कूटरवरून परतणाऱ्या कोळी दांपत्याला अॅनी बेझंट रस्त्यावरच एका मोटारीने ठोकरले आणि त्यांतील स्त्री मरण पावली. त्या घटनेशी पडद्याचा काही संबंध होता असे आम्हांला मुळीच सुचवायचे नाही. तो रस्ता कोणाकोणाचा आहे, एवढेच सांगायचे आहे.

येथे या यंत्रणेच्या बाजूनेही बोलले पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. आरशात न दिसणाऱ्या कोनात दुचाकी आली असता जी यंत्रणा चालकाला सावध करते, तिने कित्येक हाडे मोडायची वाचली असतील. रात्रीच्या महामार्गावर डुलकी लागलेल्या चालकाला जागे करणे, पुढची गाडी एकाएकी थांबल्यास आपण होऊन ब्रेक लावणे, या गोष्टींचे मोल मोठे आहे. केंद्र सरकारने २०२५ साली बसगाड्या आणि ट्रक यांना अशी साधने सक्तीची करण्याचा मसुदा काढला, तो योग्यच होता. मुंबई-पुणे मार्गावरून प्रवास करणारा कोणीही त्याला विरोध करणार नाही. आमचा आक्षेप साहाय्याला नाही. साहाय्य जेथे पोचते आणि जेथे पोचत नाही, त्यांच्यामधली सीमा झाकून टाकणाऱ्या चित्राला आहे.

हे चित्र काढतातच कशासाठी? ब्रेक लावण्यासाठी त्याची गरज नाही. ते चालकासाठी आहे. गाडीला काय दिसते आहे हे त्याला दिसावे आणि तिच्यावर त्याचा विश्वास बसावा, यासाठी. हेतू चांगला आहे. गाडीला एखादी गोष्ट दिसली नाही हे पडद्यावरून कळले तर जागरूक चालक सावध होईल, असे म्हणता येते. पण त्यासाठी त्याने पडदा आणि रस्ता दोन्ही पाहून पडताळा घ्यावा लागतो, आणि नाक्यावर तेवढी सवड कोणाला असते? प्रत्यक्षात उलटे घडते. सागरी सेतूवर पाच मिनिटे चित्र अचूक दिसले की मनात भरवसा रुजतो, आणि तोच भरवसा घेऊन गाडी नाक्यावर उतरते. आमच्या परिचितांचे तेच झाले होते. त्यांच्या चालकाचे झाले नव्हते, कारण तो रोज नाक्यावरूनच जात होता.

या चालकाचा विचार कोणी केलेला दिसत नाही. मुंबईत महागड्या मोटारी पुष्कळदा मालक चालवीत नाही. विक्रीदालनात यंत्रणेची माहिती दिली जाते मालकाला. चहा मिळतो मालकाला. आणि किल्ली पडते चालकाच्या हातात. जाडजूड माहितीपुस्तिका कप्प्यात राहते. पडद्यावर येणाऱ्या सूचना बहुधा इंग्रजीत, त्याही संक्षिप्त अक्षरांत. कोणता दिवा लागला म्हणजे गाडी स्वतः सुकाणू धरते आणि कोणता विझला म्हणजे सोडते, हे तो अनुभवाने शिकतो, म्हणजे कधी तरी चुकून शिकतो. आता कायदा पाहा. आज आपल्याकडे विकली जाणारी यंत्रणा 'दुसऱ्या पातळी'ची म्हणून ओळखली जाते. शून्यापासून पाचापर्यंतच्या या पातळ्या अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ मध्ये ठरविल्या, आणि दुसऱ्या पातळीचा अर्थ असा की गाडी वेग आणि दिशा सांभाळील, पण जबाबदारी सर्वस्वी चालकाची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाखाली निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. ती भोगेल तो सुकाणूमागे बसलेला माणूस. पडद्यावर जागा रिकामी दिसत होती, हा बचाव न्यायालयात चालेल असे आम्हांला वाटत नाही. आणि चालू नये असेही वाटते. पण मग त्या माणसाला यंत्रणेच्या मर्यादा त्याच्या भाषेत सांगितल्या गेल्या होत्या काय, एवढे तरी विचारले जावे.

केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२३ च्या डिसेंबरात नागपूरला, चालकविरहित मोटारी आपण भारतात येऊ देणार नाही असे सांगितले. लाखो चालकांच्या रोजगाराचा प्रश्न आहे, हे त्यांचे कारण. चालकाची नोकरी राखणे ठीक. पण यंत्र अर्धे काम करते, श्रेय घेते, आणि चुकले की चालक एकटा उरतो, अशी नोकरी राखून त्याचे कल्याण होणार आहे काय, हा प्रश्न त्या घोषणेत येत नाही.

करता येण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते फार खर्चाचेही नाही. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था १९६६ पासून वाहनांच्या चाचण्या घेत आली आहे. 'भारत एनकॅप' ही तारांकनाची पद्धत २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, आणि वर उल्लेखिलेल्या महिंद्रच्या दोन्ही मोटारींना तिच्यात पाच तारे मिळाले. हे तारे मुख्यतः धडकेत आतल्यांचे काय होते यावर दिलेले आहेत. बाहेरच्यांसाठी एखादी कसोटी ठेवताना ती युरोपातल्या पुतळ्यांवर आणि युरोपातल्या सायकलींवर घेऊन भागणार नाही. बांबू लादलेली हातगाडी, तिघे बसलेली स्कूटर, रस्त्याच्या उलट दिशेने येणारा सायकलवाला, डोक्यावर टोपली घेतलेली कोळीण, दिंडी, रस्त्यात आडवी बसलेली गाय यांना यंत्रणा काय म्हणते आणि त्यांच्यासमोर काय करते, हे तपासून निकाल विक्रीदालनात मराठीत लावला पाहिजे. ज्याला नाव देता येत नाही ते पडद्यावरून पुसून न टाकता, 'येथे काहीतरी आहे' असे दर्शविणारा एक साधा ठोकळा तरी तेथे दिसला पाहिजे. संगणकाला ते अवघड नाही. काही यंत्रणांना आतल्या आत तेवढे कळतही असते. ते न दाखविण्याचे कारण बहुधा एवढेच की ठोकळ्यांनी भरलेला पडदा दालनात चांगला दिसत नाही. आणि गाडी जिथे ही मदत देण्यास असमर्थ आहे, त्या रस्त्यावर तिने चित्र हळूहळू विरू न देता सरळ बंद करावे आणि चालकाला त्याच्या भाषेत तसे सांगावे.

महिंद्र कंपनीचे कार्यालय वरळीतच, डॉ. जी. एम. भोसले मार्गावर आहे. या गाड्यांची रचना, चाचण्या आणि निर्मिती इतर ठिकाणी होत असेल, पण त्यांविषयीचे निर्णय घेणारी मंडळी सकाळी कामावर येताना ज्या नाक्यावरून येतात तो हाच नाका आहे. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात सकाळी दहा वाजता त्यांनी आपली एक मोटार घेऊन तेथून गणपतराव कदम मार्गापर्यंत जावे, चालकाशेजारी एकाला वही घेऊन बसवावे, आणि बाहेर जे जे दिसले पण पडद्यावर आले नाही त्याची नोंद करावी. अंतर थोडे आहे, वही मात्र जाड घ्यावी लागेल. टेस्लाचे दालनही सेतूपलीकडे फार दूर नाही. त्यांनाही येता येईल.